उतार नसलेली वस्ती

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या सहकारी सोसायटीचा ट्रॅक्टर उताराच्या भरवशावर चालायचा. बॅटरी चार्ज करणारा डायनामो जळालेला, त्याचा सुटा भाग कुठं मिळत नव्हता, त्यामुळं बॅटरी कायमची उतरलेली. ड्रायव्हर ट्रॅक्टर देवळाजवळच्या चढावर उभा करायचा आणि सकाळी चार माणसं ढकलून तो चालू करायची. मागं गावाला पाणी वाटायची टाकी.

आमची बौद्ध वस्ती ओढ्यापलीकडं, सपाटीला. तिथं इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू व्हायचं नाही. म्हणून ड्रायव्हर ते धडधडत ठेवायचा, आणि डिझेल जळतंय म्हणून "उरका, उरका" असा ओरडायचा. आईचा गुडघा दुखरा. ती हंडा घेऊन पोचेपर्यंत टाकी निघालेली असायची. शेजारणींनी ओतलेल्या तांब्याभर पाण्यावर आमचं भागायचं. मला त्या ट्रॅक्टरचा मनापासून राग यायचा, आणि मी त्याच सोसायटीत कारकून होतो.

शेवटी बॅटरी चार्जर घ्यायचं ठरलं. चेअरमन आणि मी सोलापूरला गेलो. दुकानदारानं दोन चार्जर पुढं मांडले. लहान होता तो बॅटरीला मानवणारा, पण त्याला रात्रभर सलग वीज हवी. मोठा दोन-तीन तासांत काम उरकायचा, पण त्यानं बॅटरीचं आयुष्य कमी व्हायचं.

"गावात वीज किती वेळ असते?" दुकानदारानं विचारलं.

"चोवीस तास," चेअरमन म्हणाले. परक्या गावात आपल्या गावाची अब्रू घालवणाऱ्यांतले ते नव्हते.

"संध्याकाळी तीन तास," मी म्हणालो. "मोठाच द्या."

परतीच्या एसटीत चेअरमन खिडकीबाहेर बघत बसले. तुळजापूर आल्यावर म्हणाले, "लगीच त्याच्यापुढं बोलायची काय गरज हुती?" चहा मात्र त्यांनीच पाजला.

पहिल्यांदा बॅटरी चार्ज झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी चेअरमननी नारळ फोडून बटण दाबलं. ट्रॅक्टर चालू झाला, टाळ्या पडल्या. मग तो बंद करून सरपंचांना बटण दाबायचा मान दिला. मग उपाध्यक्षांना. मग माजी चेअरमन रुसू नयेत म्हणून त्यांना. असे सगळे मानकरी होईपर्यंत बॅटरी उतरली आणि ट्रॅक्टर नुसता कण्हायला लागला. पुन्हा ढकलूनच चालू केला. वस्तीत त्या दिवशीही इंजिन धडधडतच राहिलं आणि आईचा हंडा कोरडाच परत आला. सोसायटीत सगळे हसत होते, मला काही हसता आलं नाही.

संध्याकाळी बॅटरी पुन्हा चार्ज केली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं कुणालाच मान दिला नाही. बटण दाबून तो थेट आमच्या वस्तीत आला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

आई नेहमीसारखी लंगडत धावत आली, आणि एकदम थबकली. "बंद पडला व्हय?"

"न्हाय मावशी, बंद केलाय. सावकाश भरा."

तिला ते खरं वाटलं नाही. घाईघाईनं हंडा भरताना बरंच पाणी सांडलं, तरी कुणी ओरडलं नाही. मग तिनं तांब्या भरून घेतला, टाकीच्या सावलीत पाय पसरून बसली आणि आधी स्वतः पाणी प्याली.