शिमग्याची रजा

रत्नागिरीत नोकरी करणाऱ्या माणसाने गणपतीची रजा आपणहून सोडली असं कळलं, तर लोक आधी विचारतात, घरात सुतक आहे का? मी ती गेल्या वर्षी सोडली. सुतक नव्हतं, सासरी भांडण नव्हतं, डोकंही ठिकाणावर होतं. मला शिमग्यातला एक दिवस हवा होता. मी इथल्या एका रुग्णालयात सिस्टर आहे, आणि गणपती आणि शिमगा या दोन्ही रजा एकाच सिस्टरला मिळाल्याचं मी एकोणीस वर्षांत पाहिलेलं नाही.

त्याचं कारण आषाढात घडलं होतं. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. साध्या तापाचा न्युमोनिया झाला आणि मी ज्या मजल्यावर ड्युटी करते त्याच्याच खालच्या मजल्यावर तिला ठेवावं लागलं. परक्या पोरांना मी एकोणीस वर्षं सलाइन लावत आलेय. तिची शीर सापडेना तेव्हा मात्र मी ट्रे दुसरीच्या हातात दिला आणि बाहेर आले. मी काही फार देवभोळी नाही. नातेवाईक पेशंटच्या उशीखाली अंगाऱ्याच्या पुड्या ठेवतात तेव्हा चादर बदलताना तोंड वाकडं करणारी बाई मी. पण त्या दिवशी पॅसेजमध्ये भिंतीला डोकं टेकून मी गावच्या देवीला नवस बोलले. पोर उठून बसू दे, तुझी पालखी दारात येईल तेव्हा हिला पुढ्यात घेऊन मी माझ्या हाताने तुझी ओटी भरीन. हे मी फक्त नवऱ्याला सांगितलं. तो शेजारी बसून रडत होता. म्हणाला, "भरू आपण. तू काळजी करू नको."

पोर उठून बसली. पंधरा दिवसांत दंगाही करायला लागली. मग मी रजेच्या मागे लागले.

आमचं गाव खाडीपलीकडे, हेदवीच्या अलीकडे. शिमग्यात देवीची पालखी तिथे घरोघर फिरते, वाडीवाडीचा दिवस ठरलेला असतो. नवस कुठेही बोललेला असो, फेडायचा तो पालखीपुढेच. वर्षातून एकदा ती दारात येते, थोडा वेळ टेकते आणि पुढच्या घरी जाते. त्या वेळी तुम्ही अंगणात असलात तर आहात.

माझ्याबरोबर ड्युटी करणारी एक सिस्टर मंडणगडची आहे. गणपतीतल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या मी तिला दिल्या आणि त्या बदल्यात शिमग्यातला माझा दिवस तिने उचलायचा असं ठरलं. तिच्या गावीही पालखी असते, त्यामुळे तिला काही समजवावं लागलं नाही. उलट तीच म्हणाली, "एक दिवस मागंपुढं झाला तरी नुसता फोन कर. पालख्यांचं काय सांगावं, रस्ता बदलतात." मी गणपतीत सलग ड्युट्या केल्या. घरचे सगळे गावी, मी वॉर्डात. आरत्या फोनवर ऐकल्या, आणि मोदक खाल्ले ते एका पेशंटच्या बायकोने डब्यातून आणून दिलेले.

आता माझ्या बाजूचंही सांगून टाकते. सासरी माझी ख्याती 'पंगत उठल्यावर येणारी' अशी आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. मोठ्या दिरांच्या घराच्या वास्तुशांतीला मी पोचले तेव्हा मांडववाला मांडव सोडत होता. नणंदेच्या डोहाळजेवणाला गेले ती युनिफॉर्मवर. बायका हसल्या, मीही हसले. "आमची सिस्टरबाय दिसली तर समजायचा, कार्य उरकला," असं एक चुलत सासरे नेहमी म्हणायचे. मी ते सगळं हसण्यावारी नेलं. नवऱ्यानेही नेलं असं मी धरून चालले होते.

पालखी आमच्या दारात बुधवारी येणार होती. नवऱ्याचं रत्नागिरीत स्वतःचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्यामुळे तो आणि मुलगी चार दिवस आधीच गावी गेले. सोमवारी संध्याकाळी मी ड्युटीवरून आले आणि त्याचा फोन आला. जेवलीस का, पोरीने काजूचे बोंडू खाऊन घसा धरून घेतलाय, इकडे ऊन फार. मी विचारलं, "बुधवारी साधारण किती वाजता येईल?" तो म्हणाला, "तू सकाळच्या गाडीने ये गो. बाकीचं बघू." पाच मिनिटं बोलून त्याने फोन ठेवला. मी उठून साडीला इस्त्री केली.

बुधवारी पहाटे निघाले. जयगडपर्यंत एसटी, तिथून फेरीबोट. गणपतीपुळ्याहून आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांनी बोट भरली होती आणि एक बाई मला विचारत होती, तुम्ही एवढ्या नटून कुठे निघालात? मी तिला सगळं सांगितलं. अनोळखी बाईला नवस सांगण्याइतकी मी त्या सकाळी खूश होते. पिशवीत तांदूळ, खण, नारळ, हळकुंडं, देवीची साडी आणि पोरीसाठी हिरव्या बांगड्या.

अंगणात पाऊल टाकलं तर रांगोळी तुडवलेली. गुलाल सगळीकडे, झेंडूच्या माळा सुकून खाली आलेल्या. माझ्या मनात काय आलं असेल? आज नवी रांगोळी घालायची राहिलीय, हात धुऊन आपणच घालू. इतकी मी खुळी.

थोरली जाऊ बाहेर आली. "आलीस गो? बस, पानी देते."

"वहिनी, पालखी किती वाजता?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पालखी काल नाय का येऊन गेली! खालच्या वाडीत सुतक पडला, म्हनून आपली वाडी आदी घेतली. सोमवारी दुपारीच ठरला. भावजी म्हनले, तिला कळवला पन रजा नाय गावली. मग तुज्या नवसाची ओटी मीच भरली. नवस ठेवून चालत नाय गो."

तिने माझ्यासाठीच केलं होतं. तिच्यावर रागवायला मला जागाच नव्हती. मी पिशवी तिथेच पायरीवर ठेवली आणि मागच्या बाजूला गेले.

नवरा विहिरीवर हंडा घासत होता. मला बघून त्याने घासणं थांबवलं नाही.

"अहो, सोमवारी संध्याकाळी फोन केलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

त्याने हंडा पालथा करून बूड घासायला घेतलं. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू येते म्हणाली असतीस. पालखी दारात, गुरव उभा, सगळी भावकी उभी, आणि मी रस्त्याकडे बघतोय. दर वेळी मीच बघतो रस्त्याकडे. देवीसमोर मला ते नको होतं."

"मी आले असते. ती मंडणगडची मंगळवारीही मोकळी होती. एक फोन करायचा होता."

"असेल."

"आणि रजा मिळाली नाही असं का सांगितलंत?"

"मग काय सांगणार? ते सगळ्यांना पटतं."

हे वाक्य त्याने चिडून म्हटलं नाही. अगदी साधेपणाने म्हटलं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. तो वाईट माणूस नाही हे इथे लिहायला हवं, आणि लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी उशिरा पोचत आलेय, कबूल. त्याला चारचौघांत खाली बघावं लागलं असेल, तेही कबूल. पण त्याबद्दल तो माझ्याशी भांडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तो भांडला नाही. त्याने माझी नोकरी उचलली आणि माझ्याच दाराला आतून कडी म्हणून लावली. मी सहा महिने त्या एका दिवसासाठी राबले, हे घरात फक्त त्याला माहीत होतं. परक्याने हे केलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. याने मला फसवलं, आणि फसवताना जेवलीस का म्हणून विचारलं.

मुलगी पळत आली. नव्या परकरात होती, हातात काकीने भरलेल्या लाल बांगड्या. "आई, ड्युटी संपली तुझी?"

मी हो म्हटलं. तिच्या बापासमोर दुसरं काय सांगणार होते? त्याने तेव्हा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला बहुतेक बरं वाटलं असावं. मला मात्र त्याच्या खोट्यात माझाही हात लागल्यासारखं झालं.

जेवणं झाल्यावर जाऊ मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली. माझा उतरलेला चेहरा तिला बघवत नव्हता. "हे बघ, कशी छान झाली ओटी. कायच कमी नाय केला." कुणीतरी काढलेला व्हिडिओ होता. ढोल थांबलेत, पालखी टेकलीय, जावेने ओटी भरली, पोरीला पुढे घेऊन डोकं टेकवलं. खरंच काही कमी नव्हतं. मग माझा नवरा गुरवाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगताना दिसला, आणि गुरवाने नारळावर हात ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा म्हाराजा, जी सूनबाय ह्यो नवस बोलली, ती नोकरीपायी आज तुझ्या पायाशी येऊ शकली नाय. लेकराची आय हाय, तिची चूक पोटात घाल. थोरल्या सूनबायच्या हातची ओटी गोड मानून घे, आनि तिला कवातरी तुझ्यासाठी येळ गावू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी म्हणाली. माझा नवरा हात जोडून, डोळे मिटून म्हणाला. आणि त्याच्या पुढ्यात उभी असलेली माझी पोर, जिच्यासाठी मी नवस बोलले ती, सगळ्यांच्या मागून एक क्षण उशिरा, पण सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा!"