कोपऱ्यावरचे दहा जण

मी लिहिलेली पहिली जाहिरात मी ऐकली ती अकोल्याच्या जुन्या शहरात, भाजीच्या हातगाडीला खेटून उभी राहून. भोंगा लावलेला ऑटो समोरून गेला, माझी वाक्यं घेऊन पुलाकडे वळला, आणि मला रडू आलं. दुःखाचं नव्हे, रागाचं. राग माझ्या नाकावर लहानपणापासून आहे, घरचे कोणीही सांगतील.

त्या वर्षी मी अमरावतीहून पदवी घेऊन नुकतीच परतले होते. निबंधस्पर्धांचे सात कप घरच्या कपाटात होते, आणि जाहिरातीत जायचं हे डोक्यात पक्कं होतं. आमचं गाव अकोटजवळ. वडील झेंडू लावतात. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत पाहतो. नाई जमलं त बीएडचा फॉर्म भरायचा. मंग रडायचं नाई." शिक्षिका होण्यात वाईट काहीच नाही. पण मला ती व्हायचं नव्हतं, आणि हातात चार महिने होते.

अकोल्यात दोन खोल्यांची एक जाहिरात संस्था होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. गेली तीस वर्षं अकोल्यात ऑटोवरून जे काही पुकारलं गेलं, त्यातलं निम्मं त्यांच्या आवाजात. गावात त्यांचा आवाज सगळ्यांना माहीत, चेहरा कोणालाच नाही. वडील पौरोहित्य करायचे, आवाज तिथूनच आला असं त्या म्हणत. माइकसमोर अगदी शुद्ध बोलत आणि माइक बंद झाला की आमच्यासारख्याच.

मी त्यांच्याकडे रील करायला गेले होते. त्यांनी मला जुन्या शहरातल्या भांड्यांच्या दुकानाचं काम दिलं. जुनी भांडी द्या, नवी घ्या, अशी योजना होती. दसऱ्याला सुरू होऊन धनत्रयोदशीला संपणार होती.

"रील करशीन," त्या म्हणाल्या, "आधी ऑटो कर. हे जमलं त तुले पक्की ठेवतो. नाई जमलं त जय हरी."

मी रात्रंदिवस खपून लिहिलं. 'परंपरेच्या तेजाने उजळलेल्या आपल्या स्वयंपाकगृहातील जीर्ण पात्रांना निरोप देऊन' अशी सुरुवात होती, आणि दुकानाचं नाव अगदी शेवटी, कळसासारखं. मॅडमनी कागद वाचला. माइक ओढला, जसंच्या तसं रेकॉर्ड केलं आणि ओळखीच्या ऑटोवाल्याला दिलं. दुकानदाराला दाखवायच्या आधी एकच फेरी मारायची होती. माझ्या हातात त्यांनी दोनशे पानी वही ठेवली.

"कोपऱ्यावर उभी राय. ऑटो गेला का दहा जनाले विचार, काय ऐकलं. ते जे सांगतीन थे लिही. तू काय लिवलं होतं थे नाई."

पहिली होती ती हातगाडीवाली मावशी. म्हणाली, "परंपरा-बिरंपरा काई तरी होतं बाई. शाळेचा कार्यक्रम हाय का?" दुसऱ्याने काही ऐकलंच नव्हतं. तिसऱ्याला मॅडमचा आवाज आवडला. दहा जणांतल्या एकालाही दुकानाचं नाव सांगता आलं नाही. कसं येणार? मी कळसाला पोचेपर्यंत ऑटो पुलापलीकडे गेला होता.

तरातरा परत गेले. "तुम्हाले माहीत होतं त काहून सांगतलं नाई?"

मॅडम चहा पीत होत्या. "सांगतलं असतं त तू माह्यासंग भांडली असती. आता रस्त्यासंग भांड." मग कप ठेवून म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव. तुहं वाक्य ऐकाले कोनी थांबत नाई. मोबाईलवर त अंगठा ऑटोच्याई आधी पुढं जाते."

शिकवणं म्हणजे चुका दुरुस्त करून देणं, असं मला तोवर वाटत होतं. मॅडमनी माझी एकही ओळ कधी दुरुस्त केली नाही. याचा मला इतका संताप यायचा की एसटीत बसल्यावर मनातल्या मनात अकोट येईपर्यंत मी त्यांच्याशी भांडत असे. पण सकाळी नवा मजकूर, ऑटोची नवी फेरी, आणि मी पुन्हा त्याच कोपऱ्यावर. ऑटो हातगाडीपासून पुढच्या देवळापर्यंत जातो तेवढ्यात माझं एक वाक्य मावतं, हे मी उभं राहूनच शिकले. प्रत्येक वाक्यात दुकान हवं, कारण कोणाच्या कानावर कुठलं पडेल याचा नेम नाही. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. मी 'पात्र' लिहिलं होतं! दहा जणांना विचारताना ज्या शब्दाची मलाच लाज वाटायची, तो दुसऱ्या दिवशी कागदावरून जायचा. सातव्या वेळी दहातल्या आठ जणांनी दुकान सांगितलं.

मग दुकानदार आले. त्यांना त्यात आजोबांचं नाव हवं होतं, तिन्ही मजले हवे होते, गाड्या लावायची सोयसुद्धा. मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "लिवलं हिनं, हिलेच विचारा."

मी वही उघडली. पहिल्या दिवसाची दहा उत्तरं वाचली, मग सातव्या दिवसाची. दुकानदारकाकांनी वही स्वतःकडे ओढून पाहिली. "पन आमच्या आजोबाचं नाव?"

"काका, ते दुकानावर हाय ना. लोक तिथपर्यंत आले त वाचतीन."

"बरं. वाजवून पाहू," ते म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी वडील झेंडू घेऊन अकोल्याला आले आणि रस्त्याच्या कडेला ढीग लावून बसले. मी मदतीला गेले. या जाहिरातीचं घरी बोलले नव्हते. थोड्या वेळाने ऑटो गेला. 'गळका गंज आणा, नवा न्या', पाठोपाठ दुकानाचं नाव आणि पुलाजवळचा पत्ता. मी वही काढली. "बाबा, काय ऐकलं?"

"काय ऐकलं म्हंजे? सकायपासून डोकं उठवलं त्यानं." आणि त्यांनी ओळ न् ओळ म्हणून दाखवली, वर म्हणाले, "तुह्या आईले फोन लाव. आपला गळका गंज घेऊन ये म्हना."

"हे मी लिवलं, बाबा."

ऑटो गेला त्या दिशेला त्यांनी पाहिलं. "मंग आवाज दुसरीचा काहून?"

दुसऱ्या दिवशी मी हे हसत हसत मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "बरोबर बोलला तुहा बाप," म्हणाल्या आणि माइक माझ्याकडे सरकवला. "धनतेरसची तू बोल." तीस वर्षं दुसऱ्या कोणाला न दिलेली जागा होती ती. माझा आवाज पहिल्यांदा इतका कापला की चार वेळा रेकॉर्डिंग पुसावं लागलं.

धनत्रयोदशीला वडील पुन्हा त्याच जागी बसले होते. गिऱ्हाइकांची ही गर्दी. एका बाईंसाठी ते काट्यावर फुलं मोजत होते, तेवढ्यात ऑटो आला, माझ्या आवाजात. वडिलांनी हात वर केला. "थांबा जी जरासं." बाई थांबल्या, मागचे थांबले. ऑटो वळणापलीकडे जाईपर्यंत काट्यावरची फुलं तशीच होती. मग त्यांनी मान हलवली आणि मोजू लागले. बीएडचा फॉर्म त्यानंतर आमच्या घरात कोणी काढला नाही.

मी वहीत लिहिलं, 'एक जण थांबला,' आणि धावत जाऊन मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा चढवून वाचलं.

"हा तुहा बाप हाय. बाप मोजत नसतेत." वही माझ्या हातात परत देऊन त्या म्हणाल्या, "दहा दुसरे विचारून ये."

मी चप्पल घातली आणि पुन्हा कोपऱ्यावर गेले.