कपाळ धरायला

पवनला आजही कुणी विचारलं, की बाबा रे, बायको पोटुशी असताना तुला सगळ्यात जास्त कशाची ओढ होती, तर तो मान खाली घालून सांगतो, "तिचं कपाळ धराचं होतं मले. बस." लोक हसतात. हसोत बिचारे! उलटी होताना मागून कुणी कपाळ धरलं की किती आधार वाटतो, ते ज्याला मिळालंय त्यालाच ठाऊक. पवनचं कपाळ लहानपणी त्याच्या आईनं, शेवंताबाईनं, कितीदा धरलं होतं. बायकोचं आपण धरू, एवढंच त्याचं म्हणणं. पण तेवढंही नशिबात दिसत नव्हतं.

पवन बालाघाटच्या बाहेर, लालबर्रा रोडवरच्या एका राइस मिलमध्ये धान उकडतो. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा तर धान आधी टाकीत भिजवावं लागतं, मग वाफेवर उकडावं लागतं. दिवसभर त्या वाफेत उभं राहिलं की तिचा आंबूस-गोड वास कपड्यांत शिरतो, केसांत शिरतो, कातडीत मुरतो. घरी कुणाला त्याचं काही वाटत नसे. लग्न होऊन रचना आली आणि आठव्या दिवशी त्याला जेवण वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या अंगाले धानाचा वास येते." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे टिपले.

झालं! गडी जागच्या जागी मेला. पोरीला किळस आली, असं त्यानं पक्कं धरलं. विचारावं की नाही तिला? छे! दुसऱ्या दिवसापासून चंदनाचा साबण दोनदा, वरून पावडर, आणि बाजारातून आणलेली सेंटची निळी बाटली. मिलमधून सुटला की हा पठ्ठ्या नवरदेवासारखा घमघमत घरी यायचा. रचनाही काही बोलली नाही. नवऱ्याला हौस आहे, तर असू दे म्हणाली मनात.

पुढे तिला दिवस गेले आणि दुसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. त्या थांबायचं नावच घेईनात. भात नको, वरण नको, फोडणीचा आवाज आला तरी पोट ढवळून यायचं. पुढे पुढे तर पाण्याचा घोटही टिकेना. शेजारची मैनाबाई येऊन म्हणाली, "आमी त उलट्या करत करत चिखलात धानाची रोवणी केली वो. आजकालच्या पोरींचे नखरेच लय."

शेवंताबाई अशी कडाडली! "तू केली, मानलं बाप्पा. पण हे पोरगी थुकाही गिळून नाही राह्यली, दिसत नाही तुले?" मग रिक्षात घालून तिनं सुनेला दवाखान्यात नेलं. सत्तेचाळीस किलोची पोर चाळीसवर आली होती. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावली, गोळ्या दिल्या आणि बजावलं, की हा आजार आहे, नखरे नव्हेत. पाणी टिकलं नाही तर लगेच घेऊन या.

आणि पवन? त्याचं तर विचारूच नका. रचना मोरीकडे धावली की तोही मागे धावायचा, हात पुढे करायचा, आणि ती दोन्ही हातांनी त्याला ढकलायची. "जा ना तुमी! जा!" बोलता बोलता आणखी जोरात उमळून यायचं. पवनला वाटे, धानाचा वास. दुसरं काय असणार? तो आणखी एकदा आंघोळ करी, आणखी सेंट मारी. रचना आणखीच लांब सरके.

शेवटी तो अंगणातल्या जांबाच्या झाडाखाली बसू लागला. खिडकीपासून दहा पावलांवर. खिडकीत खाटेवर ती, झाडाखाली हा, आणि दोघं बोलायचे मोबाइलवर.

"मुरमुरे खाल्ले का?"

"चार दाणे."

"पोटात ठरले?"

"आतावरी त ठरले पोटात."

"मी येऊ?"

ती खिडकीतून नुसती बघायची. तिची मनगटं काडीसारखी झालेली त्याला तिथूनही दिसायची. आपल्या बायकोला हात लावायला माणूस इतका तरसतो, हे पवनला तेव्हा कळलं. सव्वादोन महिने तो तसा बसला.

एका सकाळी अकराच्या सुमाराला मिलमध्ये आईचा फोन आला. "पवन, रचना मोरीत चक्कर येऊन पडली. आमी दवाखान्यात हाओ. ये लौकर." पवन टाकीपासून जो सुटला तो थेट वॉर्डाच्या दारात. तिथं मात्र पाय थबकले. अंगात वाफेनं भिजलेला सदरा, केसांत धानाचा कोंडा. आंघोळ नाही, काही नाही.

शेवंताबाई औषध आणायला गेली होती. नर्स ओरडली, "मरीज के साथ कौन है? वहाँ क्या खड़े हो, अंदर आओ!"

"मी... वो दूर से ही ठीक है, सिस्टर."

खाटेवरून रचनानं हात वर केला. पवन सवयीनं दोन पावलं मागे सरला. पण ती त्याला बोलवत होती. तो भीत भीत जवळ गेला, श्वास रोखून, जणू त्यानं श्वास घेतला नाही तर तिलाही वास येणार नव्हता.

"मी आंघोळ नाही केली," तो म्हणाला.

रचनानं त्याचा ओला सदरा मुठीत धरून ओढला आणि त्यात तोंड खुपसलं. मग रडतच म्हणाली, "सेंट नाही लावला आज?"

"नाही."

"तो नोका लावत जाऊ. त्यानंच उमळून येते, आता समजलं मले. हा वास त माह्या बाबाचा हाय. ते गोंदियाले मिलमध्येच होते ना. घरी आले का मी अशीच जाऊन बिलगत होती. ते गेल्यावर पहिल्यांदा तुमच्याच अंगाले आला. तुमी काहून धुऊन टाकला जी?"

दीड वर्ष! दीड वर्ष तो आपल्याच सासऱ्याला साबणानं घासून काढत होता.

आता बरी होईल, असं त्याला वाटलं. कुठचं काय! दुसऱ्याच क्षणी तिला उमळून आलं. भांडं घ्यायलाही वेळ मिळाला नाही. पवनच्या सदऱ्यावर, हातावर, सगळीकडे. नर्स "अरे अरे" करत धावली. उलट्या पुढेही सहाव्या महिन्यापर्यंत चालल्या, सलाइनी आणखी तीनदा लागल्या. पण त्या सकाळी रचना वाकली तेव्हा पवनचा हात आपोआप पुढे गेला आणि तिच्या कपाळावर बसला. तिनं ढकलला नाही.

उलटी थांबली, तसा तो हात काढू लागला.

"राहू द्या," रचना म्हणाली.