फरासडांग्याचं धोतर

परदेशी जायला बोट लागते, असं मी चौथीपर्यंत शिकले होते. मी मात्र आमच्या हावड्याहून आगगाडीने तासाभरात गेले आणि संध्याकाळी पोळ्या लाटायला परतही आले.

चंद्रनगर हे हुगळीकाठचं गाव. इंग्रज गेले तरी तिथे फ्रेंचांचंच राज्य होतं. यांच्या कचेरीतल्या एका बाबूंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. बंगाली लोक त्या गावाला फरासडांगा म्हणतात आणि तिथल्या धोतरांचं फार कौतुक करतात. लग्नानंतर पहिल्यांदाच मी दुकानात स्वतः बोट दाखवून वस्तू निवडली. मामंजींसाठी हातमागाचं, बारीक काठाचं धोतर.

मामंजींनी तरुणपणी विलायती कपड्यांची होळी केलेली. तेव्हापासून परदेशी सूत अंगाला लावायचं नाही, हे त्यांचं व्रत. धोतराला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "कुठलं?"

"चंद्रनगरचं," हे म्हणाले.

"राज्य कुणाचं तिथे?"

"फ्रेंचांचं. पण विणकर बंगालीच आहेत, बाबा."

"राज्य फ्रेंचांचं, तर कापड परदेशी. ठेवून द्या."

मी दाराआड उभी. पदर डोळ्यांना गेला तो सासूबाईंनी पाहिला.

"अहो, ज्या खुर्चीत बसून न्याय करताय ती ब्रह्मदेशच्या सागवानाची. तोही आता वेगळा देश. उठा बघू!"

"खुर्ची घेतली तेव्हा ब्रह्मदेश आपल्यातच होता. देश मागून फुटला, त्याला खुर्ची काय करणार?"

धोतर ट्रंकेत गेलं. मी अधूनमधून त्याला ऊन दाखवायची आणि कडुलिंबाचा पाला बदलायची. ते नेसलेलं पाहायचं एवढंच मनात होतं.

पुण्याहून टपालाने वर्तमानपत्र यायचं. एका दुपारी अक्षर अक्षर लावत वाचलं, चंद्रनगर भारतात आलं. म्हणजे ट्रंकेच्या तळाशी, घडीही न मोडता, आमचं धोतर देशी झालं होतं!

पण मामंजींना सांगणार कोण? "पान वाढलंय" यापलीकडे मी त्यांच्याशी बोललेच नव्हते. सकाळी ते आंघोळीला गेल्यावर मी बाहेरच्या खुंटीवर ते धोतर अडकवलं आणि खालच्या स्टुलावर वर्तमानपत्र ठेवलं, ती बातमी वर येईल असं. आणि स्वयंपाकघरात पळाले.

मग ते धोतर नेसूनच आले. "पन्हा चांगला रुंद आहे," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

सासूबाई सोडतात होय! "पण घेतलं तेव्हा ते परदेशीच होतं ना? खुर्चीचा न्याय धोतराला नाही वाटतं?"

"नेसल्याशिवाय घेतलं असं होत नाही," मामंजी म्हणाले.

त्या वर्षी गणपतीला सगळी मराठी मंडळी जमली होती. मी बायकांच्या मागे बसले होते. कुणीतरी धोतराचं सूत चिमटीत धरून पाहिलं. मामंजींनी छाती पुढे काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या सूनबाईंनी परदेशातून आणलंय."