इस्माईलचाचांच्या हॉटेलच्या फळ्या

आज दुपारी इस्माईलचाचांना माती दिली.

अख्ख्या माणिकपूरमधला सगळ्यात भित्रा माणूस. त्यांच्या तोंडावर म्हणायचो, ते हसायचे. म्हणून आजही तेच लिहितो.

कुत्र्याला घाबरायचे. पोलिसाला घाबरायचे. स्वतःच्या स्टोव्हला घाबरायचे. आणि अंधाराचं तर विचारूच नका.

त्यांच्या चहाच्या हॉटेलला शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. एकीमागे एक खाचेत बसवलेल्या. पहाटे आत काळोख, उंदरांची पळापळ. चाचा एकटे उघडायचेच नाहीत, रस्त्यावर उभे राहायचे. मग रोजची गिऱ्हाइकं एकेक फळी काढायची. ज्याची त्याची फळी ठरलेली.

पहिली चाचांची, पण शेजारी पप्पा उभे पाहिजेत. दुसरी पप्पांची, चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून येताना. तिसरी गजाननकाकांची, ते होळी बाजाराकडून भाजीचे भारे घेऊन यायचे. चौथी बंदरावरच्या हिरामावशीची, डोक्यावर मासळीची टोपली तशीच. पुढच्या फळ्यांनाही असेच धनी होते.

सगळ्या निघाल्या की उजेड. मग चहा.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे धाकाने जमिनी लिहून घेणारी माणसं यायला लागली. जुने लोक समजतील. नावं नको, अजून लिहिताना दार लावलंय का ते बघून आलो.

आमच्या केळीच्या वाडीवर त्यांचा डोळा होता. त्यांचा म्होरक्या सफारी घालायचा. चाचांच्या हॉटेलात मधल्या टेबलावर बसायचा, कोणाशी भांडायचा नाही. म्हणून जास्त भीती वाटायची.

एक दिवस पप्पांना म्हणाला, "अंकल, उद्या सकाळी इथेच या. सही करा, चहा प्या, घरी जा."

मग चाचांकडे वळला. "उद्या दोनच फळ्या काढायच्या. बाकी पब्लिक नको."

चाचा म्हणाले, "जी साहेब."

त्या "जी साहेब"चा मला इतका राग आला म्हणून सांगू. माणूस समोर बसून आमचा चहा ओततो आणि आम्हालाच विकतो, असं वाटलं.

घरी आईने जेवण केलं, कोणी जेवलं नाही. शेजारच्या गावात ज्यांनी सही दिली नव्हती त्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणाली, "द्या टाकून ती वाडी. माणूस राहू दे." पप्पा रोझरी हातात घेऊन नुसते बसले.

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. चाचांनी पहिली फळी काढली, पप्पांनी दुसरी. आम्ही आडवे होऊन आत शिरलो.

आत कंदील. आमच्या मागोमाग सफारीवाला आणि त्याची तीन माणसं शिरली. टेबलावर कागद.

पप्पांनी पेन घेतलं. मागे चाचांच्या हातातल्या कपबशा किणकिणत होत्या.

तेवढ्यात बाहेर लाकूड घासल्याचा आवाज आला.

तिसरी फळी निघाली. गजाननकाका आत आले, बाकावर बसले.

"क्या है?" सफारीवाल्याने विचारलं.

"चहा प्यायला आलो. रोज येतो." आवाज पार चिरकला होता त्यांचा.

चौथी निघाली. हिरामावशी. "माजी टोपली उतरवा रे कोनीतरी, पानी गळतंय मानेवर."

आणि सफारीवाल्याच्याच एका माणसाने उठून टोपली उतरवली. सवयच असते ना हाताला.

मग पाचवी, मग सहावी. येत होते, बसत होते, चहा सांगत होते. सगळे घाबरलेले, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी कोणी उठेना.

शेवटची फळी निघाली आणि उजेड थेट त्या कागदावर पडला.

सफारीवाल्याने कागद घडी करून खिशात घातला. "फिर मिलेंगे, अंकल."

पप्पांनी पेन खाली ठेवलं.

मग कळलं. आदल्या दिवशी हॉटेल बंद करून चाचा सायकलवर घरोघर फिरले होते. होळीपासून बंदरापर्यंत. प्रत्येकाच्या दारात एकच वाक्य: "मला लय भीती वाटते. सकाळी तुमची फळी काढायला या."

भित्र्या माणसाशिवाय हे कोणाला सुचलं असतं? आम्ही बाकीचे मर्द आपापल्या घरात गप्प बसलो होतो.

भीती संपली नाही. पुढे कित्येक महिने पप्पा वाडीत एकटे गेले नाहीत, गजाननकाका सोबत जायचे. पण सही झाली नाही. वाडी अजून आहे. हे तिथल्याच घरात बसून लिहितोय.

आज कब्रस्तानात चाचांना खाली ठेवलं. वर लाकडी फळ्या लावतात, मग माती. चाचांच्या मुलाने मला पुढे बोलावलं.

म्हणाला, "दुसरी तुमच्या पप्पांची."

लावली. तिसरी गजाननकाकांच्या नातवाने दिली. आयुष्यभर त्या माणसासाठी फळ्या काढल्या, आज लावत होतो. शेवटच्या फळीला सगळ्यांचेच हात थांबले. आत अंधार होणार होता.

चाचा, घाबरू नका.

आम्ही सगळे बाहेरच उभे आहोत.