दुसऱ्या प्रोसेसरचं तोंड

लातुरात एका क्लासचा सर्व्हर माझ्याकडे होता. रविवारी पोरांची ऑनलाइन चाचणी लागली की तो धापा टाकायचा. मालक सगळं काम पुण्याच्या कंपनीला देऊन टाकायच्या बेतात होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, दुसरा प्रोसेसर बसवू, पळतंय की नाही बघा. तो चालला नसता तर मला नांदेडला घरी बसून बायकोची बोलणी खायची होती.

मालकांचं घर शिवभक्त. तराजू असो की ट्रॅक्टर, मालकांच्या आईंनी विभूतीची तीन बोटं ओढल्याशिवाय नव्या वस्तूला हात लावायची सोय नव्हती. मी चहाला गेलो तेवढ्यात त्यांनी प्रोसेसरचंही उरकलं. मला पत्ताच नाही. आल्या आल्या तो बसवला.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणे, प्रोसेसर एकच. सेटिंग बदलल्या. सिस्टिम नव्याने टाकली, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तरी एकच.

मालक दारात आले. "सर, व्हतंय का न्हाई? पुण्याला फोन लावू का?"

"करून राहिलो ना!" मी खेकसलो.

शेवटी प्रोसेसर काढून उलटा केला. ज्या सोनेरी ठिपक्यांतून वीज जाते, त्यांच्यावरच राखेचे तीन पट्टे! वरची बाजू साध्या पत्र्याची, खालची सोन्यासारखी. आईंना सोनेरी बाजूच तोंड वाटली, यात त्यांचं काय चुकलं?

पण मालकांसमोर त्यांच्या आईची विभूती पुसायची म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. मी त्यांना चहा सांगायला पिटाळलं, दार लोटलं आणि ठिपके स्पिरिटनं लख्ख केले. सिस्टिमला लगेच दोन्ही प्रोसेसर दिसले.

"आईच्या विभूतीचा गुण, सर!" मालक गहिवरले. मी निर्लज्जपणे मान डोलावली. पुण्याचा विषय संपला.

पुढे आणखी एक सर्व्हर आला. आई विभूती घेऊन खोक्याशेजारी बसल्या. मालक बाहेर गेल्याबरोबर हळूच म्हणाल्या, "बाबा, ह्याचं तोंड कुन्या अंगाला हाय, ते आधी सांग. मागच्या बारीला दाराच्या फटीतून पुसताना पाह्यलं मी तुला. पोराला न्हाई सांगितलं."

मी गुपचूप बाहेरचं झाकण दाखवलं. त्यांनी त्यावर तीन बोटं ओढली आणि उरलेली विभूती माझ्या कपाळाला लावली.