शालनवहिनीचे मंगळवार

चुलतभाऊ सकाळच्या एस.टी.नं सांगलीला आला आणि शाळेच्या फाटकाशीच मला म्हणाला, "आक्का, शालनवैनीला देवीनं न्हेलं." मी शाळेत शिकवणारी बाई, मला असलं बोलणं सहन होत नाही. "देवीनं नेलं म्हणजे कशानं गेली ते सांग," असं मी त्याच्यावर खेकसले. तेव्हा तो म्हणाला, "पोटात दुखत हुतं म्हनं." या गोष्टीला महिना उलटून गेला. दिवसकार्य झालं, तिचा नवरा रजा संपवून परत सरहद्दीवर गेला... पण ते 'म्हनं' काही माझ्या कानातून जात नाही.

शालन माझ्या थोरल्या भावाची बायको. कोरेगावकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, तसा हाही. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याची बदली गोव्यात झाली, पणजीला क्वार्टर मिळालं आणि तो वहिनीला घेऊन गेला. तिथं तिचं पहिलं बाळंतपण झालं. मूल मेलेलंच जन्माला आलं. त्यानंतर ती धड जेवेना, बोलेना. "पोट माझं न्हाईच, कुनाचं तरी कमरंला बांधून फिरतीया असं वाटायचं वन्सं," हे तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. शेजारच्या ख्रिस्ती बाईला तिचा कळवळा आला आणि तिनं एक दिवस वहिनीला समुद्रालगतच्या एका घरात नेलं. बहारीनमध्ये लहानाची मोठी झालेली एक गोवेकर बाई तिथं बेली डान्स शिकवायची... पोटाचा नाच. शिकायला यायच्या हॉटेलात नाचणाऱ्या मुली, आणि त्यांच्यात डोईवरचा पदर सावरत आमची वहिनी. त्या शिकवणाऱ्या बाईनं पहिल्या दिवशी नाच शिकवलाच नाही. वहिनीचाच हात तिच्या पोटावर ठेवला आणि नुसता श्वास घ्यायला लावला. मूल गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा रडली ती तिथं. मग खांदे न हलवता पोट कसं उचलायचं, कसं सैल सोडायचं हे ती शिकत गेली, आणि पुन्हा जेवायलाही लागली. भावाला सगळं ठाऊक होतं. तो भला माणूस, एवढंच म्हणाला, "शिक, पर गावाकडं तोंड उघडू नगंस."

पुढं त्याची बदली सरहद्दीवर झाली, तिथं बायकोला नेता येईना, म्हणून वहिनी गावी आली. आमच्याकडे नाच म्हणजे तमाशाच्या फडावरचा. चांगल्या घरच्या बाईचं नाव त्याला चिकटलं की संपलंच. त्यात ही मूल नसलेली सून. हिला माहेरी पाठवून पोराचं दुसरं लग्न लावा, असं टुमणं चुलतीनं आईच्या मागं आधीच लावलं होतं. दुपारी सगळे रानात गेले की वहिनी वैरणीच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हाची गोष्ट, वार मंगळवार. चुलतीनं ते दार ढकललं. वहिनीचा पदर खोचलेला, डोळे मिटलेले, आणि उघडं पोट एकटंच हलत होतं. "आगं, ही नाचतीया," चुलती म्हणाली, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. आई मागून आली. तिनं एकदा वहिनीकडे बघितलं, आत जाऊन देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणला, वहिनीचं कपाळ भरलं आणि जमिनीला डोकं टेकून विचारलं, "आई, कोन म्हनायचं तुमी?" मग चुलतीही वाकली. वहिनी भीतीनं कापत होती, तेही देवीच्याच खात्यात गेलं.

तेव्हापासून मंगळवार सुरू झाले; वहिनीच्या अंगात येतं म्हणून माणसं जमायला लागली. मी आईच्या अडाणीपणावर चिडले, वहिनीवरही चिडले. खरं सांगून टाक म्हटलं. ती म्हणाली, "नाच म्हनलं तर उद्या म्हायेरी. देवी म्हनलं तर सासू पाया पडती. तुमीच सांगा, काय म्हनू?" सुट्टी संपली तशी मी सांगलीला निघून आले. केस मोकळे सोडून, पोट हलवून ती लोकांच्या हरवलेल्या म्हशी सांगत राहिली, नवसाची मुलं सांगत राहिली. एकटी असताना नाचणं तिनं सोडून दिलं. "आता पोट पुन्ना माझं ऱ्हायलं न्हाई," असं ती गेल्या दिवाळीत म्हणाली, आणि करंज्या तळत राहिली.

शेवटच्या मंगळवारी तिला सकाळपासूनच दुखत होतं. माणसं बसलेली. ती गडाबडा लोळायला लागली, पोट धरून किंचाळली. कुणी कापूर लावला, कुणी लिंबू उतरवलं, एकीनं तशात तिची ओटी भरून आपल्याला मूल कधी होईल ते विचारलं. दिवेलागणीला ती गप्प पडली, तेव्हा देवी गेली म्हणून लोक उठले. साताऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. आतडं फुटलंय, सकाळीच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला त्या सगळ्या माणसांचा संताप येतो. अजून येतो.

आई आता दर मंगळवारी वैरणीची खोली सारवते, दिवा लावते, आणि पाया पडायला आलेल्यांना दारातूनच वाटेला लावते. गेल्या आठवड्यात मी गावी गेले ती भांडायच्याच तयारीनं. तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, "आई, तिच्या अंगात काही येत नव्हतं. गोव्याला नाच शिकली होती ती."

आईचा सारवणारा हात थांबला नाही. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "पैल्या दिसापास्नं ठावं हाय."

"मग तिच्या पाया का पडलीस?" मी विचारलं.

"तुजी चुलती नाच म्हनली. त्येच्यावर म्या देवी म्हनले नसते, तर ऱ्हाऊ दिली असती का तिला हितं?" कोपऱ्यापर्यंतची जमीन सारवून झाली तशी ती तिथंच टेकली. शेणाचा हात मांडीवर तसाच. "त्या दिशी ती लोळाय लागली, तवा म्या दारातच हुते. समद्यास्नी वाटलं, देवी आली. देवी न्हाई, ह्ये मला एकलीलाच ठावं... म्हनून मला वाटलं, नाचतीया."